तळघरातले छोटे गुलाब : फिश टँकमध्ये काढलेला एक हिवाळा

५ नोव्हेंबर २०२३, कॅलगरी, कॅनडा

आज घड्याळं तासभर मागे गेली. म्हणजे आता पाच वाजता अंधार, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तर अख्खा दिवसच आठ तासांहून लहान. खिडकीत ठेवलेले गुलाब इथे हिवाळ्यात का टिकत नाहीत याची दोन कारणं आहेत. एक हा उजेड. दुसरं म्हणजे फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) सुरू झाली की घरातली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, अंगाला खाज सुटते, तिथे गुलाबाच्या कोवळ्या पानांचं काय होणार?

म्हणून यंदा छोटे गुलाब फिश टँकमध्ये, दिव्यांखाली वाढवून बघणार. किजिजीवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) २९ गॅलनची जुनी टाकी २५ डॉलरला मिळाली. साधारण ७५ सेंमी लांब, ३० रुंद, ४५ उंच. वरच्या कडेला तडा आहे म्हणून स्वस्त. आपल्याला हवा दमट राहावी म्हणून तळाशी दोन बोटं पाणी ठेवायचंय, त्यामुळे तडा वर असेल तर खुशाल घ्या, पण घेण्याआधी तळाचा सिलिकॉन नखाने दाबून बघा. सोबत काचेचं झाकण फुकट आलं. (या झाकणाबद्दल पुढे बरंच येणार आहे.)

८ नोव्हेंबर

दिवे. दुकानात सगळीकडे चार फुटी पट्ट्या. त्या या टाकीवर बसत नाहीत. दोन फुटी एलईडी पट्ट्यांचा चारचा संच मागवला : प्रत्येकी २० वॉट, ५००० केल्विन, पांढरा उजेड, ६८ डॉलर. जांभळा उजेड देणारे दिवे मुद्दाम टाळले. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हेच कळत नाही, आणि रोग लवकर दिसणं हे इथे निम्मं काम आहे.

टायमर १२ डॉलर. सकाळी सहा ते रात्री दहा, सोळा तास.

तळाशी पाणी आणि त्यावर कुंड्या ठेवायला जाळी हवी. छतातल्या ट्यूबलाइटखाली बसवतात ती चौकोनी भोकांची पांढरी प्लॅस्टिकची जाळी हार्डवेअरच्या दुकानात १८ डॉलरला मिळते. करवतीने कापताना तुकडे डोळ्यात उडतात, चष्मा घाला. जाळीखाली पाइपचे तीन-तीन सेंमीचे तुकडे पायासारखे लावले.

११ नोव्हेंबर

किराणा दुकानाच्या फुलांच्या कोपऱ्यातून दोन कुंड्या आणल्या, एक लाल, एक पिवळी. आठ-आठ डॉलर. जाती लिहिलेल्या नसतात, नुसतं ‘मिनी रोझ’.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : अशा दहा सेंमीच्या कुंडीत एक झाड नसतं, तीन-चार कलमं एकत्र खोचलेली असतात. डोळा भरलेलं झाड नाही, स्वतःच्या मुळांवर वाढलेली काडी. दुकानात झुडूप भरगच्च दिसावं म्हणून तसं करतात. घरी आणल्यावर महिन्याभरात ती एकमेकांच्या जिवावर उठतात.

लाल कुंडी सोडवली. आधी तासभर बादलीत बुडवून ठेवली, मग मुळं पाण्यातच बोटांनी हळूहळू वेगळी केली. चारांपैकी एका काडीला जेमतेम दोन मुळं राहिली. तीही लावलीय, बघू. मिश्रण दोन भाग पीट (कुजलेलं शेवाळ), एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे). चारही झाडं आठ-नऊ सेंमीवर छाटली, फुलं-कळ्या सगळ्या काढल्या. मुलगी कळवळली. उद्या लक्ष्मीपूजन आहे, तेव्हा फुलं वाया गेली नाहीत.

पिवळी कुंडी तशीच, न सोडवता, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तुलनेसाठी म्हणून ठेवली, आणि थोडी शोभेसाठीही.

१९ नोव्हेंबर

टाकी दिवाणखान्यात आहे, झाकण लावलेलं, दिवे झाकणावर. आतली आर्द्रता ९५ टक्के. पहिले काही दिवस काचेवरून ओघळणारं पाणी बघून फार बरं वाटलं. आज छाटलेल्या टोकांवर करड्या रंगाची लव दिसली आणि दोन काड्या वरून काळ्या पडत खाली चालल्यात. ही बुरशी साचलेल्या दमट हवेत जखमेवरच बसते. काळं संपतं त्याच्या सेंमीभर खाली, हिरव्यात कापलं. कात्री दर कापानंतर स्पिरिटने पुसली.

झाकण कायमचं काढलं. दिवे आता टाकीवर आडव्या टाकलेल्या दोन लाकडी पट्ट्यांवर. त्यामुळे वरचा निम्मा भाग उघडा राहतो. कॉम्प्युटरमधला ८० मिमीचा यूएसबीवर चालणारा पंखा (१४ डॉलर) एका कोपऱ्यात टांगला. वारा थेट झाडांवर नको, समोरच्या काचेवर आपटून फिरावा असा. आर्द्रता ५५ ते ६० वर आली. काच कोरडी. दिसायला टाकी आता पूर्वीइतकी ‘जंगल’ वाटत नाही.

ज्या काडीला दोनच मुळं होती ती गेली. उरली तीन.

२७ नोव्हेंबर

दिवाणखान्यात रात्री दहापर्यंत ऑपरेशन थिएटरसारखा उजेड घरच्यांना नको झाला. शिवाय फर्नेसची झडप टाकीच्या बरोबर शेजारी आहे, गरम कोरडा झोत सुटला की आर्द्रता चाळीसवर येते. दोन्ही गाऱ्हाणी एकदम मिटवली : टाकी तळघरात नेली. तिथे १७-१८ अंश असतं, दिवे लागले की टाकीत २२. गुलाबाला हे दिवाणखान्यातल्या २३-२४ पेक्षा मानवतं. फुटवे थोडे सावकाश येतात, पण जाड येतात.

नेताना टाकी रिकामी करूनच न्या. तळातलं दोन बोटं पाणीसुद्धा जिन्यात एका बाजूला धावतं.

६ डिसेंबर

फुटवे आलेत, पण लांबच लांब, आणि टोकाला कळीच नाही. दोन-तीन पानं आणि मग काहीच नाही. पॉलिहाऊसवाले याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. कारण उजेड. फोनवरच्या मापकाने पानांच्या पातळीला नऊ हजारच्या आसपास लक्स (उजेडाचं एकक) दाखवले. टाकी ४५ सेंमी खोल, कुंडी दहाची, झाड दहा-बाराचं, म्हणजे शेंडे दिव्यापासून वीस-पंचवीस सेंमी दूर. एवढी उंच टाकी घेतली नसती तर हा प्रश्न आला नसता. २० गॅलनची बुटकी, लांब टाकी मिळते, फक्त ३० सेंमी उंचीची. नवीन करणाऱ्यांनी तीच घ्यावी.

उपाय : जाळीखालचे पाय वाढवले, कुंड्या दहा सेंमी वर आल्या. शेंड्यांपाशी आता अठरा हजार. कळी नसलेले फुटवे पाच पर्णिकांच्या (पाच छोट्या पानांनी बनलेल्या) पानापर्यंत मागे कापले. फोनचा मापक काटेकोर नसतो, पण आधी आणि नंतरचा फरक कळायला पुरतो.

१७ डिसेंबर

पानांवर पांढरं. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली म्हणून पोटात गोळा आला, पण निम्मं पांढरं हे पाण्याचं निघालं. कॅलगरीचं पाणी बो आणि एल्बो नद्यांचं, रॉकीजच्या चुनखडीतून आलेलं, जड. नळाच्या पाण्याची फवारणी केली की थेंब वाळून क्षाराचे ठिपके राहतात. ओलं बोट फिरवून बघा : क्षार खरखरीत लागतो आणि ठिपक्याला गोल कडा असते, भुरी पिठासारखी फासली जाते आणि थोड्या दिवसांत त्याच जागी परत येते. माझ्याकडे दोन्ही होतं. कोवळ्या पानांच्या कडा वर वळलेल्या, खालून तांबूस, ती भुरीच.

आता प्रश्न असा की आर्द्रता ६०, पंखा चालू, झाकण नाही, मग भुरी आली कुठून?

१८ डिसेंबर

माझा मावसभाऊ मावळात एका पॉलिहाऊसमध्ये गुलाबावर काम करतो. तळेगावच्या पट्ट्यात व्हॅलेंटाइनसाठी माल काढतात ते काम. त्याला व्हिडिओ कॉल करून टाकी दाखवली. पानं त्याने नीट बघितलीच नाहीत.

‘ताई, रात्री किती असते आर्द्रता?’

‘साठ.’

‘रात्री बघितलीस का दिवसा?’

रात्री बघितली नव्हती. पंखा दिव्यांच्याच टायमरवर लावलेला. दहा वाजता दिवे गेले की पंखाही जातो. दिव्यांची ऊब गेली, टाकी गार झाली, तळातलं पाणी तसंच उघडं. मध्यरात्री उठून बघितलं तर ८९ टक्के. दिवसा कोरडं, रात्री दमट आणि हवा ठप्प, भुरीला याहून चांगलं घर नाही. तो म्हणाला, ‘आम्ही पडदे पाडायच्या आधी आतली दमट हवा बाहेर काढतो. कोंडून ठेवली की सकाळी पांढरं.’

पंख्याला वेगळा प्लग दिला. आता चोवीस तास. रात्री ६८ च्या वर जात नाही.

औषधाचं विचारलं तर त्याने गंधकाची धुरी सुचवली. पॉलिहाऊसमध्ये रात्री माणूस नसताना ठीक, घराच्या तळघरात अजिबात नको. आईचं म्हणणं कडुनिंबाचं तेल. कॅनडात ते कीटकनाशक म्हणून नोंदलेलं नाही, दुकानात पानांना चकाकी आणायचं तेल म्हणून मिळतं, तेव्हा बाटलीवर प्रमाण लिहिलेलं नसतं. मी दूध-पाणी, एकास नऊ, मारून बघितलं. भुरी थोडी थांबली असेलही, पण बंद तळघरात आंबूस वास चार दिवस रेंगाळला. परत करणार नाही.

चाललं ते हे : सगळ्यात खराब पानं खुडून टाकली, आणि रोज सकाळी दिवे लागल्यावर झाडं सिंकमध्ये नेऊन साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुतली. भुरीच्या बीजाणूंना ओलं पान आवडत नाही, दमट हवा आवडते. धुवायचं ते सकाळीच, म्हणजे पंख्याखाली दुपारपर्यंत पानं कोरडी होतात.

२८ डिसेंबर

नवीन पानं स्वच्छ. कळ्या! लालच्या दोन झाडांवर मिळून पाच, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

यंदा नाताळला बर्फच नव्हता, अंगण तपकिरी. चिनूक (रॉकीजवरून येणारे गरम, कोरडे) वारे सुटले की दोन तासांत बाहेरचं तापमान दहा-पंधरा अंशांनी चढतं. टाकीला त्याचं सोयरसुतक नाही, पण फर्नेस कमी चालते त्यामुळे घरातली हवाच ३५ टक्क्यांवर आलीय. तळातलं पाणी आठवड्यातून एकदाच भरावं लागतं.

खिडकीतल्या पिवळ्या कुंडीची मात्र दशा झालीय. निम्मी पानं गळली. उरलेल्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके. हवा कोरडी म्हणून असेल असं धरून तिला टाकीत हलवली, जरा दमट हवेत सावरेल.

३ जानेवारी २०२४

लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पिवळ्या कुंडीबरोबर टाकीत आला. टोचल्यासारखे ठिपके म्हणजे काय ते लहानपणी वांग्याच्या पानावर बघितलेलं होतं, तरी गुलाबावर ओळखू आलं नाही. पांढऱ्या कागदावर पान झटका आणि मिनिटभर थांबा. धुळीचे कण चालायला लागले तर ती धूळ नव्हे. पानांवर कोळ्याचं जाळं दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर.

पिवळी कुंडी पिशवीत बांधून कचऱ्यात. आठ डॉलरच्या झाडासाठी बाकीची तीन पणाला लावण्यात अर्थ नाही.

लालची तीन झाडं : कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकची फिल्म घट्ट गुंडाळली, झाड उलटं धरून बादलीतल्या कोमट पाण्यात पंधरा-वीस वेळा घुसळलं. पानांच्या खालच्या बाजूला असतात ते, वरून फवारून काही होत नाही. मग कीटकनाशक साबण (११ डॉलर), फॅटी ॲसिडच्या पोटॅशियम क्षारांचा, पानाखालून ठिबकेपर्यंत. भांडी घासायचा साबण वापरू नका, पानं करपतात. साबणाने अंडी मरत नाहीत, म्हणून चार-पाच दिवसांनी परत, आणि त्यानंतर आणखी एकदा. मधला एक हप्ता चुकला तर पहिल्यापासून.

टाकी रिकामी करून काच, जाळी, पाइप, पंख्याची पाती, सगळं गरम साबणाच्या पाण्याने धुतलं. सबंध बुधवार त्यात गेला.

नवं झाड घरात आलं की निदान तीन आठवडे टाकीपासून दूर, वेगळ्या खोलीत. पिवळी कुंडी मी तशी वेगळी ठेवली होती खरी, फक्त तपासली नव्हती.

१३ जानेवारी

बाहेर उणे ३५ च्या आसपास. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास घरातले सगळे फोन एकदम किंचाळले : अल्बर्टा प्रांताची आणीबाणीची सूचना, वीज कमी पडतेय, अनावश्यक दिवे-यंत्रं बंद करा, नाहीतर आळीपाळीने वीज जाईल. ८० वॉट म्हणजे काही फार नाही, पण गुलाबांचे दिवे ‘आवश्यक’ कुठल्या तोंडाने म्हणणार? बंद केले. पंखा राहू दिला, तो दोन-तीन वॉटचा. लोकांनी खरंच बटणं बंद केली, काही मिनिटांत मागणी उतरली आणि वीज गेली नाही.

झाडांना तीन तास कमी उजेडाने काहीही झालं नाही. तळघर १३ अंशांवर आलं त्यानेही नाही. फक्त बाहेरच्या भिंतीकडची काच बर्फासारखी, तिला टेकलेली पानं काळपट पडली. टाकी भिंतीपासून हातभर पुढे ओढली.

२० जानेवारी

पहिलं फूल उमललं, छाटणीपासून दहा आठवडे. चांगल्या उजेडात आणि थोड्या उबेत सहा-सात आठवड्यांत यायला हवं होतं. माझा वेळ ब्लाइंड फुटव्यांत आणि भुरीत गेला.

फूल नाण्याएवढं, दुकानातल्यापेक्षा गडद लाल, पाकळ्यांची कड जवळजवळ काळी. थंडीत उमललं की रंग असा चढतो. तळघरात टिकतंही फार, आज उघडलेलं फूल आठवडाभर तरी राहील असं दिसतंय. वास जवळजवळ नाही. या कुंडीतल्या जातींकडून तो मागू नये.

भावाला फोटो पाठवला. उत्तर आलं : ‘देठ किती सेंमी?’ सध्या त्याला दुसरं काही सुचत नाही. जानेवारी संपत आला की त्यांची कापणी सुरू होते.

४ फेब्रुवारी

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. लोहाची कमतरता, आणि ती खतात लोह नाही म्हणून नव्हे. जड पाणी देऊन देऊन मातीचा सामू (पीएच) चढला की लोह असून झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येणारं, १५ डॉलर) लेबलवरच्या निम्म्या प्रमाणात दिलं, आणि पाणी बदललं : बर्फ. जानेवारीत पडलेला अजून मागच्या अंगणात आहे. बादलीभर ताजा भुसभुशीत बर्फ वितळला की तळाला तांब्याभर पाणी उरतं, त्यामुळे दाबून भरावा लागतो. रस्त्याकडेचा घेऊ नका, त्यात मीठ असतं. वितळलेलं पाणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय घालू नका.

झाडांना बर्फाचं, तळाला नळाचं. तळातलं पाणी मुळांना लागतच नाही.

चिलटंही झालीत. माती सतत ओली राहिली की येतात. पाणी देण्याआधी बोटाचं पहिलं पेर कोरडं लागू द्यायला लागले, पिवळा चिकट कागद लावला, आटोक्यात आहेत.

१८ फेब्रुवारी

दुसरा बहर चालू आहे, अकरा कळ्या. वाळलेलं फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या पानाच्या वर कापत राहायचं, एवढंच. खत पंधरवड्यातून एकदा, निम्म्या प्रमाणात.

बरेच जण विचारतात, गुलाबाला थंडीतली झोप लागत नाही का? या छोट्या गुलाबांना नाही. त्यांच्यात चिनी गुलाबाचं रक्त आहे, वर्षभर फुलणाऱ्या जातीचं. १९१० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात लोकांनी खिडकीतल्या कुंड्यांत ठेवलेला बोटभर उंचीचा गुलाब रूले नावाच्या लष्करी डॉक्टरांना दिसला, आँरी कोरव्हाँ यांनी तो ‘रुलेटी’ म्हणून वाढवून पुढे आणला. आजच्या छोट्या गुलाबांच्या वंशावळीत तो आहे. घरात राहायची सवय तशी जुनीच.

खर्च, डॉलरमध्ये : टाकी २५, दिवे ६८, टायमर १२, पंखा १४, जाळी १८, झाडं १६, पीट आणि परलाइट २२, आर्द्रतामापक १३, साबण ११, लोह १५. एकूण २१४. वीज दिवसाला सव्वा युनिट, म्हणजे महिन्याला ३८-४०. माझ्या दराने वहन शुल्क धरून आठ डॉलरच्या आगेमागे. या पैशांत फुलवाल्याकडून हिवाळाभर गुलाब आले असते, हे नवऱ्याने हिशेब करून सांगितलं आहे.

१७ मार्च

छाटलेल्या फुटव्यांतल्या चार काड्या जानेवारीअखेर परलाइटमध्ये खोचल्या होत्या, वर उलटा प्लॅस्टिकचा पेला, मुळं फुटवायची पावडर न लावता. तिघींना मुळं आलीत. झाडं तीन आणि पोरं तीन. टाकीत आता जागा नाही.

घड्याळं पुढे गेली, टायमर तसाच ठेवला. झाडांना घड्याळ कळत नाही आणि मला त्या टायमरची बटणं.

बाहेर कधी? कॅलगरीत मे महिन्यातल्या लाँग वीकएंडआधी नाही, यंदा तो २० मेला. त्याआधी आठ-दहा दिवस दिवसा सावलीत, रात्री आत. टाकीतली पानं उन्हाला नवखी असतात, एका दुपारीत भाजून निघतील. आणि इथल्या गारांचा भरवसा नाही, त्यामुळे कुंड्या वळचणीखाली. रिकामी टाकी पातळ ब्लीचने धुवून उलटी ठेवणार. ऑक्टोबरमध्ये झाडं आत घेताना आधी साबणाचे तिन्ही हप्ते, मग टाकी. काचेचं झाकण हवं असेल त्याने घेऊन जावं, फुकट आहे.